टाळूला हात लागताच बाळाला झटका येतो; आता हातच लावायचा नाही का?

बार्शीजवळच्या एका गावातून एका आईने पाठवलेले पत्र पुढे देत आहे. पत्र मोठे असल्याने त्यातला आवश्यक तेवढाच भाग घेतला आहे आणि ओळख पटेल असे सर्व तपशील काढून टाकले आहेत.

"डॉक्टर, माझा मुलगा साडेआठ महिन्यांचा आहे. सातवा महिना लागल्यापासून एक गोष्ट सुरू झाली आहे. सकाळी न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी त्याची टाळू भरायला लागल्या, की तेलाचे बोट डोक्याला लागताक्षणी त्याचे दोन्ही हात खांद्यापासून वर उडतात, मान पुढे झुकते, डोळे वर जातात आणि तीन-चार हिसके बसून सगळे थांबते. लगेच तो मावशींकडे बघून हसतोही. मागून कोणी डोक्याला हात लावला किंवा तोंडावर पाण्याचा शिंतोडा उडाला तरी तसेच होते. कुकरच्या शिट्टीनेही दोनदा झाले. सासूबाई म्हणतात बाळ भित्रे आहे, दृष्ट काढा. गावातल्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा काहीच झाले नाही, म्हणून ते 'मोठा झाला की जाईल' असे म्हणाले. मिस्टरांनी एका संध्याकाळी खात्री करायला दहा-बारा वेळा डोक्याला टिचकी मारून पाहिली. पहिल्यांदा झटका आला, नंतर आला नाही. एक नातेवाईक पोटावर डाग द्या म्हणून मागे लागले आहेत. मी आता त्याला घ्यायलाच घाबरते. दूध पाजतानाही डोक्याला माझा हात लागू नये म्हणून त्याला उशीवर ठेवते. ही आकडी आहे का? माझ्या हातामुळे त्याच्या मेंदूला इजा होत असेल का? तो पुढे शाळेत जाईल ना? दहाव्या दिवशी गोवर-रुबेलाची लस आहे, ती द्यावी का? जावळ पुढच्या महिन्यात काढायचे ठरले आहे. सांगायचे राहिले, मिस्टरांना लहानपणी तापात दोनदा आकडी आली होती. आम्ही माळकरी आहोत, घरात मांस-अंडी नाहीत, बाळ अंगावर पिते."

ताई,

तुमच्या प्रश्नांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. तुमच्या हातामुळे बाळाच्या मेंदूला इजा होत नाही. तुम्ही वर्णन केलेल्या प्रकारात स्पर्शाने आजार निर्माण होत नसतो. मेंदूची झटका येण्याची जी तयारी आधीच असते, ती अचानक झालेल्या स्पर्शाने फक्त उघड होते. त्यामुळे उशी बाजूला करा आणि आजच्या आज त्याला पुन्हा कुशीत घेऊन पाजा. साडेआठ महिन्यांच्या बाळाला आईचा हात मिळेनासा होणे हे या झटक्यांपेक्षा मोठे नुकसान आहे, असे मी अगदी विचारपूर्वक म्हणतो. हात कसा लावायचा ते पुढे सविस्तर सांगतो.

आता ही आकडी आहे का, हा प्रश्न. नुसत्या पत्रावरून निदान करता येत नाही आणि तसे करूही नये. मात्र तुमचे निरीक्षण इतके नेमके आहे की कोणता विचार आधी करावा लागेल, हे त्यातून बरेच स्पष्ट होते. अनपेक्षित स्पर्श झाल्याबरोबर दोन्ही बाजूंना सारखे, हातांत जास्त जाणवणारे, एकापाठोपाठ एक असे थोडे हिसके. ते संपताच बाळ पूर्ववत, हसते-खेळते. सुरुवात सातव्या महिन्यात. वडिलांना लहानपणी तापात आलेली आकडी. आणि टिचकी लगेच पुन्हा मारली तर झटका न येणे. या पाच गोष्टी एकत्र आल्या की बालमज्जातंतुतज्ज्ञ, म्हणजे मुलांच्या मेंदूचे व मज्जासंस्थेचे डॉक्टर, ज्या आजाराचे नाव मनात घेतात, त्याला मराठीत 'तान्हेपणातील प्रतिक्षिप्त मायोक्लोनिक अपस्मार' असे म्हणता येईल. नाव भीतीदायक आहे, आजार त्यामानाने सौम्य आहे. अपस्मार म्हणजे आकड्या येण्याचा आजार, मायोक्लोनस म्हणजे स्नायूंचा क्षणार्धात बसणारा हिसका, आणि प्रतिक्षिप्त म्हणजे बाहेरून काही घडल्याच्या उत्तरादाखल येणारा. होय, ही आकडीच असू शकते, आणि म्हणून 'मोठा झाला की जाईल' एवढ्यावर थांबू नका. तुमच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही; त्यांच्यासमोर शांत बसलेले, ओळखीचा हात येताना बघणारे बाळ होते, आणि हात येताना दिसला तर या प्रकारात पुष्कळदा काहीच होत नाही.

तान्हेपणातील मायोक्लोनिक अपस्मार हा आजार म्हणून वेगळा ओळखला गेला तो १९८१ साली, फ्रान्समधील शार्लोट द्रावे आणि मिशेल ब्युरो यांच्या वर्णनामुळे. त्यांच्या वर्णनात झटके मुख्यतः आपोआप येणारे होते. पुढे १९९५ साली इटलीतील रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा बाळांची माहिती प्रसिद्ध केली. या बाळांना झटके यायचे ते अचानक झालेल्या स्पर्शाने किंवा आवाजाने, दचकण्याच्या क्षणी. बाकी बाळे निरोगी होती, त्यांची वाढ व्यवस्थित होत होती, आणि काही महिन्यांत झटके थांबले. त्यानंतर जगभरातून अशी बाळे नोंदवली गेली आहेत. आजार दुर्मीळ आहे खरा, पण त्याच्या दुर्मीळपणात 'बाळ भित्रे आहे' या समजुतीचाही वाटा असावा असे मला वाटते. दचकणे आणि झटका यांतली रेषा फार बारीक असते, आणि ती ओळखते बहुधा रोज न्हाऊ घालणारी बाई किंवा आई.

ही रेषा समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण सासूबाईंना तुम्हाला हेच समजावून सांगावे लागेल. प्रत्येक माणूस दचकतो. दचकण्याची क्रिया मेंदूच्या देठात, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या जुन्या भागात घडते आणि तिथेच संपते. तान्ह्या बाळात याच्या जोडीला मोरो प्रतिक्षिप्त क्रिया असते. डोके जरासे खाली गेल्यासारखे वाटले की बाळ हात फाकवते, पुन्हा जवळ घेते आणि बहुतेक वेळा रडते. ही क्रिया चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत निघून जाते. तुमच्या बाळाचे हिसके त्यानंतर सुरू झाले आहेत. शिवाय साध्या दचकण्यात हिसका एकच बसतो आणि बाळ घाबरून रडते; तुमच्या बाळाला तीन-चार बसतात आणि ते हसते. प्रतिक्षिप्त अपस्मारात दचकण्याचा इशारा मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोहोचतो आणि तिथल्या पेशी क्षणभर एकदम विजेचे लोळ सोडतात. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, चालू असताना झटका आला तर ते लोळ कागदावर टोकदार शिखरांच्या आणि लाटांच्या रूपाने स्पष्ट दिसतात. एरवी जागेपणीचा आलेख अगदी स्वच्छ असू शकतो. म्हणूनच एखादा ईईजी 'नॉर्मल' आला म्हणजे विषय संपला, असे होत नाही.

मात्र बाळाला झटके बसण्याची इतर कारणेही आहेत, आणि त्यांतल्या एकाबद्दल मला तुमच्याशी जरा थांबून बोलायचे आहे.

१८४१ साली इंग्लंडमधल्या डॉ. वेस्ट यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला एक पत्र लिहिले. ते पत्र त्यांच्या स्वतःच्या मुलाबद्दल होते. निरोगी जन्मलेले ते बाळ चार महिन्यांचे असताना मान पुढे झुकवू लागले. सुरुवातीला ते किरकोळ वाटले. मग झुकणे वाढत गेले, एकामागोमाग अनेक वेळा होऊ लागले, आणि बाळाचे हसणे-बघणे मंदावले. त्या पित्याने इतर डॉक्टरांना विनवले होते की असे काही पाहिले असेल तर मला कळवा. या आजाराला आज त्यांचेच नाव आहे, वेस्ट सिंड्रोम. यातले झटके तुमच्या बाळाच्या हिसक्यांहून वेगळे असतात: हिसका विजेसारखा क्षणात संपतो, तर हा झटका एक-दोन सेकंद अंग आवळून धरतो, मग सुटतो, काही सेकंदांनी पुन्हा येतो, आणि असे वीस-तीस किंवा त्याहून जास्त वेळा होते, बहुधा झोपेतून उठल्या-उठल्या, हात न लावताही. बाळाचे लक्ष हरवते, आधी येत असलेल्या गोष्टी येईनाशा होतात. इथे प्रत्येक दिवस मोलाचा असतो, कारण उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बाळाचे पुढचे आयुष्य बदलते. तुमचे वर्णन या आजाराचे वाटत नाही. तरीही तज्ज्ञांकडे जाण्याची घाई मी करतो आहे ती यासाठीच की हा आजार नाही, याची खात्री डोळ्यांनी नव्हे, तर आलेखाने करायची असते. वाट पाहत असताना तुमच्या बाळात वरीलपैकी काही दिसले, झोपेतून उठल्यावर झटक्यांच्या माळा लागल्या, किंवा ते हसेनासे, नजर देईनासे झाले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

दुसरी शक्यता 'स्टार्टल डिसीज'ची, म्हणजे अतिदचकण्याच्या आनुवंशिक आजाराची. तो बहुधा जन्मापासूनच असतो; बाळ लाकडासारखे ताठ असते, नाकाच्या शेंड्यावर हलकेच टिचकी मारली की दर वेळी तितकेच दचकते, आणि कधीकधी ताठरून श्वास अडकतो. त्या वेळी बाळाचे डोके आणि पाय पोटाकडे दुमडून धरले की ताठरपणा सुटतो. इटलीच्याच विजेवानो यांनी ही युक्ती १९८९ साली नोंदवली. तुमचे बाळ ताठ असल्याचे तुम्ही लिहिलेले नाही आणि लागोपाठच्या टिचक्यांना त्याने प्रतिसाद दिलेला नाही, त्यामुळे हा विचार मागे पडतो. केवळ झोपेत हात-पाय उडणे आणि जागे करताच थांबणे हा तिसरा, अगदी निरुपद्रवी प्रकार आहे, पण तो पहिल्या काही महिन्यांतला असतो. दक्षिणेत, विशेषतः कर्नाटकात, डोक्यावर गरम पाणी घेताना येणारी आकडीही डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहे. पण तिच्यात भरपूर गरम पाणी ओतता-ओतता माणूस हरवल्यासारखा होतो, पहिल्या थेंबाला हिसका बसत नाही. पाण्याच्या शिंतोड्याचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून हे सांगितले.

तुम्ही माळकरी असल्याचे पत्राच्या शेवटी लिहिलेत ते फार बरे झाले. ब १२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत जवळजवळ नसतेच. शाकाहारी घरात ते मिळते ते दूध-दह्यातून, आणि तेही आपल्याकडे अनेक बायकांच्या वाट्याला सगळ्यांत शेवटी व सगळ्यांत कमी येते. आईत ते कमी असेल तर केवळ अंगावर पिणाऱ्या बाळातही कमी पडते. अशी बाळे फिकट पडतात, बोटांच्या पेरांवर काळसरपणा येतो, केस विरळ व भुरे होतात, ती मंद होतात, आणि काहींना हातापायांचा थरथराट किंवा झटके सुरू होतात. तुमचे बाळ तसे दिसत नसावे, पण तुम्हा दोघांच्या रक्ताची ही तपासणी करून घ्यावी. बाळाचे कॅल्शियम, रक्तातील साखर आणि ड जीवनसत्त्वही त्याच वेळी पाहिले जाईल. कमतरता निघाली तरी गळ्यातली माळ उतरवावी लागणार नाही. इंजेक्शन किंवा औषधाने ती भरून निघते. सहा महिने होऊन गेले आहेत, तेव्हा वरचे खाणेही अंगावरच्या दुधाइतकेच नेटाने सुरू ठेवा.

आता नेमके काय करायचे ते सांगतो. सर्वांत आधी मोबाइलवर चित्रीकरण करा. बालमज्जातंतुतज्ज्ञांना वीस मिनिटांच्या तपासणीत जे दिसणार नाही, ते तुमच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत दिसेल. त्यासाठी झटका मुद्दाम आणायचा नाही; मावशी रोज टाळू भरतात, त्या वेळी मोबाइल एका डब्याला टेकवून ठेवा. बाळाच्या अंगावर दुपटे नको, उजेड पुरेसा असावा, चेहरा, दोन्ही हात आणि पाय चौकटीत यावेत, आणि चित्रीकरण तेल लावण्याच्या आधी सुरू होऊन झटका थांबल्यावर आणखी एक मिनिट चालू राहावे. झटक्यानंतरचे ते एक मिनिट बहुतेक जण काढत नाहीत, आणि डॉक्टरांना तेच हवे असते: बाळ तुमच्याकडे बघते का, खेळणे धरते का, की मलूल पडते. शक्य असल्यास असे दोन-तीन प्रसंग घ्या. सोबत एका वहीत तारीख, वेळ, कशाने झाले, हिसके किती, झोपेत की जागेपणी, हे लिहीत जा. हात न लावता, आवाज न होता, आपोआप आलेला झटका दिसला तर तो वेगळ्या खुणेने लिहा. निदान आणि औषधाचा निर्णय त्या खुणांवर बराच अवलंबून असेल.

तुमच्या मिस्टरांनी दहा-बारा टिचक्या मारल्या त्या काळजीपोटी, हे मला कळते. पण ते पुन्हा करू नये. एकदा झटके येऊन गेले की थोडा वेळ मेंदू त्याच स्पर्शाला उत्तर देत नाही, त्यामुळे या चाचणीतून खोटा दिलासा मिळतो. आणि आज शेजारी, उद्या पाहुणे 'बघू बघू' म्हणत बाळाच्या डोक्याला हात लावू लागले तर ते बाळ घरातल्या तमाशाचा विषय होईल.

ईईजी कसा काढतात हे ठाऊक असले की भीती कमी होते. डोक्यावर पेस्ट लावून वीसेक छोट्या तारा चिकटवतात. सुई नाही, विजेचा धक्का नाही, डोक्यातून काही आत जात नाही. मेंदूतली वीज फक्त नोंदली जाते. चित्रीकरणासह, जागेपणी आणि झोपेत, असा 'व्हिडिओ ईईजी' मागून घ्या आणि स्पर्शाने झटका येतो हे तंत्रज्ञाला आधीच सांगा, म्हणजे ते आलेख चालू असताना तो स्पर्श करून पाहतील. ती टिचकी डॉक्टरांच्या उपयोगाची आहे. तारा चिकटवताना डोक्याला सारखा हात लागणारच, त्यामुळे पहिला झटका तिथेच येण्याचीही शक्यता आहे, घाबरू नका. एक बारीकशी पण कामाची गोष्ट: आदल्या दिवशी आणि त्या दिवशी टाळू भरू नका, डोके शाम्पूने धुऊन कोरडे करून न्या. तेलकट डोक्यावर तारा टिकत नाहीत आणि लांबून गेलेले आई-बाप केवळ तेवढ्यासाठी परत येतात. बाळाला थोडे जागे ठेवून, दूध पाजायच्या वेळेच्या आसपास न्यावे, म्हणजे तिथे पाजले की ते झोपेल. एमआरआय लगेच लागेलच असे नाही. ते तज्ज्ञ ठरवतील.

सोलापूरला किंवा पुण्याला बालमज्जातंतुतज्ज्ञ गाठता येतील. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा मार्ग आहे. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तुमच्या अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारा, चिठ्ठी कुठे मिळते हे त्या सांगतील.

निदान पक्के झाले तर औषध लागेलच का? प्रत्येक वेळी नाही. झटके तुरळक आणि केवळ स्पर्शानेच येत असतील तर काही तज्ज्ञ नुसती देखरेख ठेवतात. दिवसातून अनेकदा येत असतील, किंवा आपोआपही येत असतील, तर औषध देतात, आणि ते बहुतेकदा चांगले लागू पडते. यासाठी व्हॅलप्रोएट हे बऱ्याच वर्षांपासून वापरले जाणारे औषध आहे. मात्र दोन वर्षांखालच्या मुलांत यकृताला जपावे लागते, म्हणून ते देण्याआधी डॉक्टर रक्ताच्या तपासण्या करतील, आणि प्रसंगी लेव्हेटिरासेटम किंवा क्लोबाझाम निवडतील. एक धोक्याची सूचना मात्र ठळकपणे देतो. आकडीची सगळी औषधे सारखी नसतात. कार्बामाझेपीन, ऑक्सकार्बाझेपीन आणि फेनिटॉइन ही एरवी उत्तम औषधे आहेत, पण हिसक्यांच्या अपस्मारात त्यांनी झटके वाढू शकतात. म्हणून कुणा नातेवाइकाच्या मुलाचे उरलेले सिरप 'यालाही आकडीच येते ना' म्हणून देऊ नका. औषध सुरू झाल्यावर मनाने बंदही करू नका. ते कधी आणि कसे उतरवायचे हे तज्ज्ञ सांगतील, आणि या प्रकारात ती वेळ अनेकदा इतर अपस्मारांपेक्षा लवकर येते.

शाळेचा प्रश्न विचारताना तुमचे अक्षर थरथरले असावे असे मला वाटले. बहुतेक मुलांत हे झटके काही महिन्यांत, फार तर वर्ष-दोन वर्षांत थांबतात आणि मुले वेळेवर चालतात, बोलतात, शाळेत जातात. स्पर्शाने किंवा आवाजानेच झटके येणाऱ्या बाळांचे पुढचे भवितव्य, आपोआप झटके येणाऱ्यांपेक्षाही चांगले दिसते. काही मुलांना पुढे शिकताना किंवा लक्ष देताना अडचण येते, काहींना मोठेपणी पुन्हा झटके येऊ शकतात. म्हणून झटके थांबल्यावरही बालरोगतज्ज्ञांकडे वाढीची नोंद वर्षानुवर्षे चालू ठेवावी. तुमचे बाळ मावशींकडे बघून हसते, हे तुम्ही सहज लिहून गेलात. मी ते वाक्य दोनदा वाचले; त्यातच मला सर्वांत मोठा दिलासा मिळाला.

लस पुढे ढकलू नका. गोवराच्या तापात आकडी येण्याचा आणि मेंदूला खरीखुरी इजा होण्याचा धोका लसीच्या तापापेक्षा कितीतरी अधिक आहे. परिचारिकेला झटक्यांबद्दल सांगा, आणि लसीनंतर आठवडा-दीड आठवड्याने ताप येऊ शकतो, तेव्हा पॅरासिटामॉलचे वजनानुसार प्रमाण आधीच विचारून ठेवा. वडिलांना तापात आकडी आली होती, तेव्हा बाळालाही तापात मोठी आकडी येऊ शकते, याची तयारी असू द्या: बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाणी पाजू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हात-पाय दाबून धरू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा बाळ निळे पडले, तर १०८ ला फोन करा.

डाग मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ देऊ नका. भाजलेल्या पोटाचे बाळ रुग्णालयात येते तेव्हा मूळ आजार तसाच असतो आणि जखमेतला जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. हे मी ऐकून सांगत नाही. अशा बाळांच्या पट्ट्या मी बदलल्या आहेत. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या तर ओवाळू द्या, त्यांच्या जिवाला तेवढेच बरे वाटेल. पण अंगारा बाळाच्या तोंडात जाऊ नये आणि धुरी त्याच्या नाकाशी नको.

आता हात कसा लावायचा ते. या झटक्यांचे कारण स्पर्श नसून त्या स्पर्शातला अचानकपणा आहे. म्हणून स्पर्शाच्या आधी आवाज जाऊ द्या. नावाने हाक मारा, ते वळून बघू दे, तुमचा हात त्याला दिसू दे, आणि मग बोटाचे टोक नव्हे, तर सबंध तळवा टेकवा. मावशींना सांगा की मालिश पायांपासून सुरू करून वर यावे, एक हात सतत अंगावर राहावा, आणि डोके सर्वांत शेवटी. टाळू भरताना थंड तेलाचे बोट एकदम न टेकवता कोमट तेल तळव्यावर घेऊन तो तळवा मानेवरून सरकवत टाळूवर न्यावा. पाण्याचा तांब्या थेट डोक्यावर ओतू नये. आपला हात मध्ये धरून त्याच्यावरून पाणी ओघळू द्यावे. तेल लागलेले बाळ पायांवर घेतले असताना हिसका बसला तर ते निसटू शकते, म्हणून काही दिवस न्हाणीत दुसरे कोणीतरी असावे. भरवताना त्याला ताठ बसवा आणि घास तोंडात असताना मागून कोणी हात लावणार नाही, एवढे पाहा. घरात मोठी मुले असतील तर त्यांनाही ही हाक मारण्याची सवय लावा. मुले ती फार लवकर उचलतात. इतके करूनही झटका आलाच, तर हात काढून घेऊ नका. तो तसाच ठेवा, बोलत राहा, त्याला संपू द्या.

जावळ पुढच्या महिन्यात नको. धारदार वस्तरा किंवा कात्री, अनोळखी हात आणि सगळा स्पर्श नेमका डोक्याला. ऐन वेळी मान हिसकली तर कापेल. आपल्याकडे जावळ पहिल्या वर्षी काढतात तसे तिसऱ्या वर्षीही काढतात, त्यामुळे रीत मोडली असे कोणी म्हणणार नाही. झटके थांबून काही महिने झाले आणि तज्ज्ञांनी होकार दिला, की मग मामाच्या मांडीवर बसवून काढा. तोवर मामाला थांबायला सांगा.